बाईंच्या डोक्यावर सातचा पाढा

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२२ जुलै १९७८

ती. आत्यास,
उल्काचा नमस्कार.

आत्या, मला नोकरी लागली! इथल्या मराठी मंडळींनी चालवलेली एक छोटी शाळा आहे, तिथे तिसरीचा वर्ग मिळालाय. तीन वर्षं ह्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून मी काय केलं म्हणशील, तर सकाळी श्यामकांतांचा डबा भरला आणि संध्याकाळी त्यांच्या स्कूटरचा आवाज ओळखायला शिकले. आता सकाळी मलाही कुठेतरी जायचं असतं. ह्याचा मला किती आनंद होतो ते सांगितलं तर तू हसशील, म्हणून सांगत नाही.

नोकरी अजून कच्ची आहे. जानेवारीत पक्की होईल, पण ते सगळं हेडबाईंच्या हातात. विजयालक्ष्मीबाई त्यांचं नाव. साडीची इस्त्री मोडू नये म्हणून त्या खुर्चीतसुद्धा ताठ बसतात. त्यांची खोली बरोब्बर माझ्या वर्गाच्या खाली आहे, एवढं लक्षात ठेव.

आता मुलं. गोड आहेत, बिल्कुल शंका नाही. पण मधल्या सुट्टीनंतर सातचा पाढा काढला की निम्मी पेंगतात आणि निम्मी पुढच्या मुलीच्या रिबिनी सोडत बसतात. घरी मराठी, गल्लीत हिंदी, त्यामुळे पाढाही दोन्हीकडचा. 'सात सक बेचाळीस' पर्यंत सगळं ठीक, आणि मग एकदम 'सात सत्ते उनचास'! एकोणपन्नास हा आकडा दिल्लीत कुणी पाहिलेलाच नाही. शिवाय पद्मजा नावाची एक मुलगी आहे, ती कुठल्याच भाषेत काही बोलत नाही. काही विचारलं की माझ्या चपलांकडे बघत राहते.

मंगळवारी मी वैतागून खडूनं जमिनीवर दहा घरं आखली आणि म्हटलं, चलो, उठा सगळे, लंगडी घालत पाढा म्हणायचा. एका घरात एक आकडा. आत्या, काय सांगू! जी मुलं डोळे मिटून बसली होती ती अशी उठली की मलाच भिंतीला चिकटावं लागलं. सगळा वर्ग एका पायावर! सात चोक अठ्ठावीसला दार उघडलं. दारात विजयालक्ष्मीबाई. हातात कप, कपात चहा आणि चहात छताचा पोपडा.

त्यांनी कप नुसता माझ्यापुढे धरला, मला नीट पाहू दिला आणि गेल्या. 

तू जन्मभर मिरजेत पोरं शिकवलीस, हेडबाई होऊन रिटायर झालीस. आता तूच सांग, मी काय करू? मला ही नोकरी हवीच आहे.

तुझी,
उल्का


मिरज
१ ऑगस्ट १९७८

चि. उल्का,
आशीर्वाद घे आणि आता बोलणी खा.

शाळा आहे की मंगळागौर? माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची, आणि ती कुणी पाडली तेही मला पाठमोरी असताना कळायचं. हाताची घडी, तोंडावर बोट, पाठ ताठ. पाढा म्हणायला जीभ लागते, पाय लागत नाहीत. विजयालक्ष्मीबाईंच्या जागी मी असते ना, तर तो चहा तुलाच प्यायला लावला असता, पोपड्यासकट. बाई शिस्तीची दिसते. तिच्या हाताखाली चार दिवस नीट राहिलीस तर तुझंच भलं होईल. तेव्हा हे खूळ उद्यापासून बंद.

आणि ते 'चलो' पण बंद. 'चला' म्हणायला काय जिभेला फोड येतो? तू अशी बोलायला लागलीस तर पोरं 'उनचास' म्हणतील नाहीतर काय करतील?

श्यामकांतांना आशीर्वाद. प्रकृतीला जपा.

तुझी,
चंद्रप्रभा आत्या

ता.क. लंगडी अशी घालतात होय ग? सगळा वर्ग एकदम नाचवलास तर छत खाली येणारच, त्यात छताचा काय दोष? एकीनं घालायची, बाकीच्यांनी हळू टाळीवर आकडा धरायचा. चुकली की जिथे चुकली तिथेच एका पायावर उभी. दुसरीनं लंगडत जाऊन बरोबर आकडा सांगून तिला सोडवायची. बूट काढून ठेवायला लाव, आवाज निम्मा होईल. हे मी फक्त तुझी चूक दुरुस्त करायला लिहिलं आहे. खेळ बंद म्हणजे बंद.


लक्ष्मीबाई नगर
२५ ऑगस्ट १९७८

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. वरचं सगळं श्यामकांतांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ता.क. मी एकटीनं तीनदा वाचला.

आता रागवू नकोस. मी खेळ बंद करणारच होते. पण चुकीची लंगडी शिकवून बंद करणं बरं दिसेना, म्हणून एकदा बरोबर शिकवून बंद करू म्हटलं. तुझी ती सोडवायची युक्ती म्हणजे कमाल आहे! जिचा आकडा चुकला तिच्याकडे सगळा वर्ग आता हसत नाही, तिला सोडवायला कोण जाणार म्हणून भांडतो. आणि ज्याला सोडवायला जायचंय त्याला आकडा यायलाच हवा, म्हणून टिवल्याबावल्या करणारी पोरं घरून पाढा पाठ करून यायला लागली. मी आधी घरी करून पाहिलं. मी हॉलमध्ये लंगडी घालतेय आणि श्यामकांत पेपरामागून टाळ्या देतायत. खालच्या मिसेस चोप्रा वर आल्या, "भाभीजी, शिफ्टिंग हो रही है क्या?"

बूटही काढायला लावले. आवाज निम्मा काय, जवळजवळ नाहीसाच झाला. पण आत्या, तुझ्या मिरजेच्या शाळेत पोरं अनवाणी किंवा चपलांत येत असतील. इथे सगळ्यांना काळे बूट, सगळे एका मापाचे, एकाच बाजारातून घेतलेले. घंटा झाली तशी पोरांनी दाराशी जे हाताला लागले ते बूट पायात चढवले आणि घरी गेली!

दुसऱ्या दिवशी आयांची रांग. एकीच्या मुलाला दोन्ही बूट डाव्या पायाचे. म्हणजे दिल्लीत कुठेतरी एक मूल दोन उजवे बूट घालून हिंडत होतं. विजयालक्ष्मीबाईंनी मला खाली बोलावलं. टेबलावर पांढऱ्या कागदावर एक छोटा मोजा ठेवलेला होता, मालक सापडत नव्हता. त्या म्हणाल्या, "उल्काबाई, तुमच्या वर्गातून खाली काय काय येतं ते मी पाहते आहे." बस, एवढंच. ह्याच्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता बुटांच्या जोड्यांना मुलांनी रंगीत लोकर बांधली आहे, त्यामुळे ते प्रकरण मिटलं. पण जानेवारीपर्यंत मी टिकते का नाही, देव जाणे.

तुझी,
उल्का

ता.क. पद्मजा अजून बोलत नाही. पण परवा टाळी दिली.


मिरज
६ सप्टेंबर १९७८

चि. उल्का,
आशीर्वाद.

सांगितलेलं ऐकायचं नाही हा आपल्या घराण्याचा गुण, तो तू माझ्याकडूनच उचलला असणार, म्हणून जास्त बोलत नाही. बूट भिंतीलगत रांगेत, ज्याचे त्याच्या जागेसमोर, एवढं साधं तुला सुचू नये? लोकर कसली बांधतेस, वासरं आहेत का ती?

शांत वर्ग हाच चांगला वर्ग, हे माझं मत कायम आहे.

तुझी,
आत्या

ता.क. लंगडीनं पाय दुखतात, रोज रोज चालणार नाही. पोरांना बसवून, तरी जागं ठेवायचं असेल तर खो-खो. मुलींच्या हायस्कूलच्या टीमची मी कॅप्टन होते, हे तुझ्या वडिलांनी तुला कधी सांगितलं नसेल. त्याला मी अंगणात इतक्यांदा बाद केलंय की तो ते विसरण्याचा प्रयत्न करतो.

तर नीट वाच. बसकरपट्ट्या लांब ओळीत घाल. एक मूल दाराकडे तोंड करून, त्याच्या शेजारचं खिडकीकडे, पुन्हा एक दाराकडे, अशी आलटून पालटून बसव. नुसतं मांडी घालून नाही. एक गुडघा उचललेला, हाताचे पंजे जमिनीला टेकलेले, कान मागे. पहिलीनं 'सात एके सात' म्हणायचं, ओळीमागून जायचं आणि मनात येईल तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचं 'खो'. जिला खो मिळाला तिनं उठायचं आणि पुढचा आकडा म्हणायचा. जिनं दिला ती तिच्या जागी बसते. खो कुणाला मिळेल ते कळत नाही, म्हणून सगळ्यांना पाढा मनात चालू ठेवावाच लागतो. पेंगून दाखव म्हणावं आता.

तीन गोष्टी पक्क्या सांग. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही आणि बोलायचंही नाही. खो मिळाला की उठायचंच, 'मला येत नाही' चालत नाही. आणि एकदा पुढे पाऊल टाकलं की मागे वळायचं नाही. मागे वळलं की फाउल.

ही पद्धत मी वाड्यातल्या पोरांवर करून बघितली आहे, चालते. मी नुसती खुर्चीत बसून शिट्टी वाजवली, नसत्या शंका काढू नकोस.

तुझी ती मुकी पोर बसव ओळीच्या मध्यावर. टोकाला बसवू नकोस. टोकाला बसलेल्याला सगळे विसरतात.


लक्ष्मीबाई नगर
१२ नोव्हेंबर १९७८

ती. आत्यास,
नमस्कार.

दिवाळीला तुझं पत्र आलं नाही. मी पाठवलेलं कार्ड मिळालं ना? का रुसलीस?

आधी चांगली बातमी. पद्मजा बोलली! तुझ्या सांगण्यावरून तिला मध्यावर बसवलं. बरेच दिवस कुणी तिला खो देईचना, ही उठणार नाही म्हणून. मग एक दिवस लतानं दिला, चुकून का मुद्दाम ते लताच जाणे.  पद्मजानं एकदा मागे पाहिलं, एकदा माझ्या चपलांकडे पाहिलं आणि उठली. "सात साती एकोणपन्नास." उनचास नाही, आत्या, एकोणपन्नास! खणखणीत! मला तिथे रडूच आलं आणि मुलांना वाटलं आकडा चुकला. आता ती खो देताना इतक्या जोरात हात मारते की मुलं तिच्यापुढे बसायला घाबरतात.

नेहमी मी पोरांना सांगते, खो-खोसारखं बसलात की तुम्ही किती छान दिसता. आणि खरंच दिसतात. कान टवकारलेले, डोळे चमकतायत. असा वर्ग मी माझ्या शाळेच्या दिवसांत कधी पाहिला नव्हता. (तुझा सोडून, असं म्हणायला हवं.)

आता वाईट. काल विजयालक्ष्मीबाई वर आल्या. डिसेंबरात वरच्या ऑफिसातले एक साहेब वर्ग बघायला येणार आहेत. त्यांचा शेरा चांगला पडला तर शाळेला मदत चालू राहील आणि माझी ऑर्डर निघेल. बाई म्हणाल्या, "तोपर्यंत पळणं, ओरडणं, खो, सगळं बंद. त्या दिवशी तुमच्या वर्गातून आवाज आला, तर जानेवारीत मी तुमच्यासाठी काही करू शकणार नाही." आवाज चढवला नाही, पण डोळ्यांत बघून बोलल्या.

श्यामकांत म्हणतात, नोकरी महत्त्वाची, खेळ नंतर. त्यांचंही बरोबर आहे. पण आत्या, नोकरी टिकवायला ते बंद करायचं ज्याच्यामुळे ही नोकरी मला आवडायला लागली? काहीतरी बिनआवाजाचं सांग ना. तुझ्या ता.क. ची वाट पाहते.

तुझी,
उल्का


मिरज
२० नोव्हेंबर १९७८

चि. उल्का,
आशीर्वाद.

कार्ड मिळालं. पद्मजाचं वाचून बरं वाटलं. विजयालक्ष्मीबाई म्हणतात तसं कर. त्या अनुभवी आहेत.

तुझी,
आत्या


लक्ष्मीबाई नगर
२७ नोव्हेंबर १९७८

ती. आत्यास,
नमस्कार.

पाकीट फोडलं आणि डोळे आधी तळाशी गेले. ता.क. नाही. कागद उलटा केला. मागेही नाही. पाकिटातसुद्धा बघितलं, आता हस.

मी काही चुकीचं लिहिलं का? 'तुझा सोडून' असं म्हटलं त्याचा राग आला? का पहिल्यापासून तुला हे पटत नव्हतं आणि तू माझी समजूत म्हणून लिहीत होतीस? तसं असेल तर सरळ सांग. बोलणी खायची मला सवय आहे, दोन ओळींची नाही.

खेळ बंद केलेत. मुलं हाताची घडी घालून बसतात. तुझ्या वर्गासारखी टाचणी ऐकू येईल अशी शांतता आहे आणि मी दिवसभर त्या टाचणीची वाट बघत असते. सातचा पाढा झाला होता, आठाचा अजून सुरूच झालेला नाही. पद्मजा पुन्हा चपलांकडे बघते. साहेब १३ डिसेंबरला येणार. मला भीती वाटते, यार. सॉरी, आत्या.

तुझी,
उल्का


मिरज
४ डिसेंबर १९७८

अग वेडाबाई,

रुसले बिसले काही नाही. पाय मोडला होता.

आता किंचाळू नकोस. दिवाळीच्या आधी तुला पुढच्या पत्रात पाढ्यांची फुगडी सांगावी असं मनात आलं. दोघींनी हात धरायचे, एका फेरीला एक आकडा, ज्याचा चुकेल त्यानं हात सोडायचा. पण खेळून पाहिल्याशिवाय सांगायचं कसं? शेजारच्या सुनंदाला अंगणात ओढलं. तिला म्हटलं, हळू घे. ती म्हणाली, आत्या, तुम्हीच ओढताय. सात नव्वे त्रेसष्टला हात सुटला आणि मी तुळशीपाशी जाऊन बसले. माझं वयही त्रेसष्टच, म्हणून डॉक्टरही हसले मेले.

तेव्हा ता.क. कुठून लिहिणार? न खेळलेला खेळ मी आजवर कुणाला सांगितला नाही. पलंगावर पाय टांगून पडलेल्या बाईनं दिल्लीच्या पोरांना उड्या मारायला सांगायचं, हे मला पटेना. आणि तुला कळवलं असतं तर नोकरी सोडून धावत आली असतीस. म्हणून दोन ओळी.

प्लास्टर परवा काढलं. डॉक्टर म्हणतात, हाड जुळलंय, चाला. सुनंदा म्हणते, चला. काठीही आणून ठेवली आहे. पण उल्का, खरं सांगू? मला भीती वाटते. पाय टेकवायला जाते आणि ती फुगडी आठवते. म्हणून खिडकीशी खुर्चीत बसून असते. हे तुझ्या वडिलांना कळवू नकोस, तो टीमच्या कॅप्टनला हसेल.

आता तुझं. १३ तारखेला काही नवं करू नकोस आणि पोरांना धमकावू तर मुळीच नकोस. धमकावलेलं मूल पाहुण्यासमोर शू करतं, हा माझा जन्माचा अनुभव. नुसतं गोड बोल. म्हण, साहेब येणार आहेत, तुम्हाला येतं त्यातलं सगळ्यात छान बसा. बास. बाकी देवावर सोड.

तुझी,
आत्या

ता.क. शांत वर्ग हाच चांगला वर्ग हे माझं मत आता तितकंसं कायम नाही. खिडकीशी बसून शांतता फार ऐकली मी.


लक्ष्मीबाई नगर
१६ डिसेंबर १९७८

माझ्या कॅप्टन आत्यास,
उल्काचा लोटांगण घालून नमस्कार!

पायाचं वाचून आधी रडले, मग त्रेसष्टला पोचल्यावर हसले. श्यामकांत स्वयंपाकघरातून बघायला आले, काय झालं म्हणून. पण पायाबद्दल शेवटी बोलते. आधी साहेब.

तू सांगितलंस तसंच केलं. सकाळी मुलांना गोड आवाजात म्हटलं, "साहेब येणार आहेत हं. तुम्हाला येतं त्यातलं सगळ्यात छान बसायचं." आणि मी खाली फाटकाशी गेले, गुलाबाचं फूल घेऊन पाहुण्यांना आणायला मलाच नेमलं होतं.

जिन्यावर पुढे साहेब, मागे विजयालक्ष्मीबाई, शेवटी मी. वरून टाचणीएवढाही आवाज नाही. बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच जरा बऱ्या नजरेनं. मला वाटलं, जिंकले.

साहेबांनी दारात पाय ठेवला आणि थांबले. आत्या, निम्म्या वर्गाची त्यांच्याकडे पाठ!

एक तोंड दाराकडे, एक खिडकीकडे, एक गुडघा वर, पंजे जमिनीला, कान मागे. ओळी अशा सरळ की दोरी धरावी. मीच त्यांना सांगत आले होते ना, खो-खोसारखं बसलात की किती छान दिसता! त्यांनी बिचाऱ्यांनी येतं त्यातलं सगळ्यात छान बसून दाखवलं.  'सरळ बसा' म्हणायला तोंड उघडलं, तोवर साहेब आत गेले होते.

साहेब म्हणाले, "ये बच्चे उधर क्यों देख रहे हैं?"  मग त्यांनी विचारलं, "अच्छा, सात का पहाड़ा कौन सुनाएगा?" सगळ्यांना येतो, आत्या! डोळ्यांत दिसत होतं की येतो! पण हूं नाही की चूं नाही. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही आणि बोलायचंही नाही, नियम तुझाच. साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा शांतता. त्यांनी खिशातून पेन काढलं. मी मनात म्हटलं, चला, संपलं. उद्यापासून पुन्हा डबा आणि स्कूटर.

तेवढ्यात विजयालक्ष्मीबाई पुढे झाल्या. ओळीच्या मध्यापर्यंत गेल्या. खाली वाकल्या, त्या इस्त्रीच्या साडीत, पदर सावरत. पद्मजाच्या पाठीवर पंजा ठेवला आणि अशा ओरडल्या की साहेबांच्या हातातलं फूल पडलं.

"खो!"

पद्मजा बाणासारखी उठली. "सात एके सात!" दण्णकन् लताला खो. "सात दुणे चौदा!" मग काय विचारतेस! दाराकडचे, खिडकीकडचे, सगळे पाढ्यासकट उठतायत, बसतायत, कुणी अडखळलं की शेजारचं सोडवतंय. 'सात साती'ला खो आला चिमण्या विनायकच्या वाट्याला, तो 'उन...' म्हणाला आणि थांबला. अख्खा वर्ग त्याच्याकडे बघत राहिला, कुणी चोंबडेपणा केला नाही. मग तोच म्हणाला, "एकोणपन्नास." सात दाहे सत्तरला शेवटचा खो कुणाला मिळाला असेल? साहेबांना! पद्मजानं त्यांच्या कोटावर थाप मारली. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि हसत हसत म्हणाले, "आठ एकम आठ."

जाताना त्यांनी बाईंना विचारलं, "मॅडम, आप भी खेलती हैं क्या?"

बाई म्हणाल्या, "मैं इनके नीचे बैठती हूँ, साहब."

साहेब गेल्यावर मला खाली बोलावलं. मी उभी, त्या ताठ बसलेल्या. म्हणाल्या, "माझं सांगणं तुम्ही मोडलंत." मी म्हटलं, "बाई, मी नाही, मुलांनी चुकून..." त्या म्हणाल्या, "मला बोलू द्या. जुलैपासून मी ह्या छताखाली बसते. कोण चुकलं, कोण सोडवायला गेलं, कोणाचा हात जड, सगळं मला इथे कळायचं. मग मीच बंद करवलं. साहेबांची भीती मलाही होती, उल्काबाई, शाळा माझीही आहे. पण महिनाभर वर काही हलेना आणि इथे बसवेना. सातपर्यंत आला होता पाढा. आठाचं काय झालं?"

आत्या, मी तिथे त्यांच्यासमोर रडले. त्यांनी तो छोटा मोजा पुढे केला, डोळे पुसायला. तो अजून बिनमालकाचाच होता.

ऑर्डर १ जानेवारीची. नोकरी पक्की! आणि सोबत एक हुकूम. वर्ग तळमजल्यावर येणार आणि बाईंची खोली वर जाणार, छताला आराम म्हणून. पण मला वाटतं, जमिनीला कान लावून त्या ऐकणार.

आता तुझा पाय. मुलांना मी सांगितलं की हे सगळे खेळ ज्या आजीनं पाठवले ती मिरजेला खुर्चीत बसून आहे आणि उठायला घाबरते. रागावू नकोस, सांगून टाकलं. त्यांनी आपापसात खूप कुजबूज केली आणि मग एका कोऱ्या कार्डावर माझ्याकडून तुझा पत्ता लिहून घेतला आणि मला वर्गाबाहेर काढून ते लिहिलं. काय लिहिलंय ते मला दाखवलं नाही. पद्मजानं स्वतः पेटीत टाकलं. एक-दोन दिवस पुढेमागे मिळेल.

तुझी पक्की,
उल्का


मिरज
२३ डिसेंबर १९७८

चि. उल्का,

तुझं पत्र काल आलं आणि मुलांचं कार्ड आज. तुझं पत्र सुनंदाला दोनदा वाचून दाखवलं. विजयालक्ष्मीबाईंना माझा नमस्कार सांग. त्या कधी मिरजेला आल्या तर त्यांना मी कोरा चहा देईन, बिनपोपड्याचा. नोकरी पक्की झाली, माझा जीव भांड्यात पडला. तुझ्या वडिलांना मीच कळवते, अक्कल तुझ्या आत्यावर गेली म्हणून.

आता कार्डाचं. दुपारी पोस्टमन खिडकीतून टाकून गेला, ते माझ्या मांडीवर पडलं. पत्ता तुझ्या हातचा. मागे एका पंज्याचं चित्र. कुणाचा तरी खरा पंजा कार्डावर ठेवून पेन्सिलीनं गिरवलाय, एक बोट बाहेर गेलंय. त्याच्याखाली मोठ्या अक्षरात इतकंच लिहिलंय:

आजी, खो.

मी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हटलं, आता काय करणार? खो मिळाला की उठायचंच, 'मला येत नाही' चालत नाही. दिल्लीच्या पोरांना मीच शिकवून बसले होते.

उठले ग. पाय थरथरला, पण उठले. सुनंदा आतून ओरडली, "आत्या, काठी!" पण मी पाऊल पुढे टाकलं होतं आणि काठी मागे राहिली होती. मागे वळलं असतं तर फाउल झाला असता. म्हणून सरळ गेले, अंगणातून, तुळशीला वळसा घालून, थेट फाटकापर्यंत.

तुझी,
चंद्रप्रभा आत्या

ता.क. फाटकाशी सुनंदा हात धरायला आली, तिलाच पाठीवर खो दिला. आता तिची पाळी. आठाचा पाढा कुठवर आला ते पोरांना लिहायला सांग.